पडवीत वाजणारा फोन

पत्र : मी देवगड तालुक्यातला, वय ३६. २०२० पर्यंत मुंबईत कुरिअरच्या नोकरीत होतो. तिथे असताना क्रेडिट कार्ड घेतलं. लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली आणि गावी आलो. फेब्रुवारी २०२० नंतर कार्डाचा एक रुपयाही भरलेला नाही. तेव्हा बाकी ४८ हजारांच्या आसपास होती. मधली चार वर्षं कोणी विचारलं नाही. आता रोज नव्या नव्या नंबरवरून फोन येतात. २ लाख १७ हजार झालेत म्हणतात, आणि लगेच 'आज संध्याकाळपर्यंत ६५ हजार टाका, मिटवून टाकू' असंही म्हणतात. आमच्याकडे रेंज फक्त पडवीच्या कोपऱ्यात येते, त्यामुळे सगळं घर ऐकतं. यंदा गणपतीत आरती चालू असताना माझ्या मुंबईच्या काकांना फोन गेला. परवा एकाने व्हॉट्सअॅपवर आमच्या सातबाऱ्याचा फोटो पाठवला आणि 'आंब्याच्या कलमांवर जप्ती आणतो' म्हणाला. सातबारा सामाईक आहे, अकरा नावं आहेत. आई पाटल्या गहाण ठेवायला निघाली आहे. पैसे मी वापरले, हे खोटं नाही. पण रात्र रात्र झोप लागत नाही. काय करू?
– एक वाचक

उत्तर :

आधी आईंना थांबवा. बाकीचं सगळं वाचायच्या आधी एवढं करा. पाटल्या घरातच राहू देत.

कार्डाचं कर्ज बिनतारण असतं. आज त्या ४८ हजारांमागे तुमचं घर, जमीन, दागिना असं काहीही बांधलेलं नाही. आईंच्या पाटल्या बँकेत ठेवून ६५ हजार आणलेत, तर हेच कर्ज त्यांच्या हातातल्या सोन्यावर येऊन बसेल. आणि सोनेतारण थकलं तर लिलाव करायला बँकेला कोर्टात जावं लागत नाही, नोटीस देऊन ती सोनं विकू शकते. मी बावीस वर्षं बँकेत काउंटरच्या आत बसले. फोनवरच्या एका दमदाटीला घाबरून सोन्याचा डबा उघडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आवळून बसलेली पाटली साबणाचं पाणी लावून काढावी लागते. तो हात डोळ्यांसमोर येतो, म्हणून पहिलं वाक्य हे लिहिलं.

आता कलमांचं. सातबाऱ्याचा फोटो पाहून तुम्हाला धसका बसला असणार, पण तो फोटो त्या माणसाकडे आला कसा? सातबारा ही सार्वजनिक नोंद आहे. गाव आणि गट नंबर माहीत असला, किंवा गाव आणि नाव माहीत असलं, तरी सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही तो पाहता येतो. तो हातात असणं म्हणजे जमिनीवर हक्क असणं नव्हे. तुम्हीही आजच तो उघडा आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचा. कर्जाचा बोजा चढला असेल तर तिथे दिसतो. सोसायटीचं पीककर्ज असेल तर तेही तिथेच दिसेल. कार्डवाल्यांचं नाव तिथे नसणार, कारण ते चढवायला त्यांच्याकडे काही कागदच नाही.

कर्जदाराची मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेण्याची मुभा देणारा २००२ चा सरफेसी कायदा तारण असलेल्या कर्जापुरता आहे, आणि शेतजमीन त्यातूनही वगळलेली आहे. कार्डाच्या बाकीसाठी जप्ती हवी असेल तर आधी दिवाणी दावा लावून हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा आदेश) किंवा लवादाचा निवाडा मिळवावा लागेल, मग अंमलबजावणीसाठी कोर्टाकडे अर्ज. तेव्हाही फक्त तुमच्या हिश्श्यापुरता विचार होईल, बाकीच्या दहा नावांचा संबंध येत नाही. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने शेतकऱ्याचं राहतं घर, शेतीची अवजारं, गुरं, बियाणं जप्तीच्या बाहेर ठेवलं आहे. भाऊबंदांच्या मनात तुमच्याविषयी विष कालवणं हाच त्या फोटोचा उद्देश होता. सामाईक जमिनीवरून कोकणातल्या घराघरात किती जुनी दुखणी असतात, हे कोणीतरी त्या पोराला नीट पढवून पाठवलं आहे.

आता ४८ हजारांचे २ लाख १७ हजार झाले कसे? कार्डाच्या बाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. दरमहा तीन टक्क्यांनी, व्याजावर व्याज धरत गेलात, तर रक्कम दोन वर्षांत दुप्पट होते. वर उशिराचा दंड, आणि व्याज-दंडावर १८ टक्के जीएसटी. आकडा हवेतून आलेला नसेलही. पण एका दमात २ लाख १७ हजार आणि दुसऱ्या दमात ६५ हजार सांगणाऱ्याने तुम्हाला हिशोब दाखवलेला नाही. तो दाखवायला लावणं हे तुमचं पुढचं काम.

त्याआधी मुदतीचं सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा बाकीसाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशोबातून वगळला. तुम्ही शेवटचे पैसे फेब्रुवारी २०२० मध्ये भरलेत, म्हणजे मार्चच्या बिलापासून थकबाकी. तो वगळलेला काळ धरला तर तीन वर्षं फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरी होतात. लॉकडाऊनमधली हप्ते पुढे ढकलण्याची सवलत तुम्ही घेतली असली तरी फरक काही दिवसांचाच, तोच महिना अखेर. मधल्या काळात त्यांनी दावा किंवा लवाद लावला नसेल आणि तुम्ही कशावर सही केली नसेल, तर आता कोर्टातून वसूल करण्याचा त्यांचा रस्ता बंद झालेला दिसतो. हा माझा कच्चा हिशोब आहे. तारखा हातात आल्या की वकिलाकडून पक्का करून घ्या.

मुदत संपली म्हणजे देणं पुसलं गेलं असं मात्र नाही. देणं राहतं, कोर्टाचा जोर जातो. तो जोर परत मिळवायला त्यांना तुमची लेखी सही लागते. भारतीय करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन नव्याने बंधनकारक होतं. म्हणून तर 'फक्त ५०० रुपये टोकन भरा आणि हा फॉर्म भरून द्या' अशी गळ घालतात. त्या ५०० रुपयांपेक्षा त्यांना फॉर्म हवा असतो. ओटीपी टाकून केलेली ई-सही ही सुद्धा सहीच. आणि मुदत अजून संपलेली नसेल, तर तुमची साधी लेखी कबुलीही तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावते. 'आंब्याचे पैसे आले की बघतो' असं व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवू नका. आपल्याकडे हे वाक्य सहज तोंडात येतं, दुकानदारालाही आपण तेच सांगतो. इथे ते महागात पडू शकतं.

फोन आला तर घ्या, टाळू नका, पण तीन वाक्यांच्या पलीकडे जाऊ नका. 'तुमचं पूर्ण नाव आणि एजन्सीचं नाव सांगा. तुम्हाला नेमल्याचं बँकेचं पत्र मला पाठवा. मी फोनवर व्यवहाराचं बोलत नाही, लेखी कळवा.' मग फोन ठेवा. तो ओरडेल, आईवरून बोलेल, 'साहेबांशी बोला' म्हणेल. तुम्ही फोन ठेवलेला असेल. रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि जवळच्या वहीत तारीख, वेळ, नंबर लिहीत जा. रेंज पडवीत येते ना, तर वहीही पडवीतच खिळ्याला टांगून ठेवा. तुम्ही बागेत गेलात आणि फोन आईंनी किंवा बहिणीने घेतला, तर त्यांनीही लिहावं.

त्या वहीला किंमत आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट बजावलं आहे की वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, चारचौघांत बेअब्रू करायची नाही, घरच्यांच्या, मित्रांच्या किंवा ओळख म्हणून नाव दिलेल्यांच्या खाजगी आयुष्यात घुसायचं नाही. एजंट काय करतो याची जबाबदारी बँकेवर आहे. दारात येणाऱ्या माणसाकडे ओळखपत्र आणि अधिकारपत्र हवं. ते नसेल तर त्याला खळ्यातूनच परत पाठवा, पायरी चढू देऊ नका. आरतीच्या वेळी काकांना केलेला फोन याच नियमाचा भंग आहे. काकांच्या फोनमध्ये तो नंबर आणि वेळ अजून असेल, त्याचा फोटो मागवून घ्या.

'पोलीस ठाण्यातून बोलतोय, अटक वॉरंट निघालंय' असाही फोन येईल. कार्डाची बाकी हा दिवाणी मामला आहे, नुसते पैसे थकले म्हणून अटक होत नाही. पोलीस असल्याची बतावणी करणं हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे. असं झालं तर देवगड पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मात्र एक सांभाळा : कोणालाही कोरा किंवा पुढच्या तारखेचा चेक देऊ नका. चेक परत गेला की मामला फौजदारी होऊ शकतो, आणि आज नसलेलं हत्यार तुम्हीच त्यांच्या हातात द्याल.

आता कागद. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो. मोबाइलवर काढता येतो. त्यात हे खातं आज कोणाच्या नावाने दाखवलं आहे, शेवटचे पैसे कधी भरले आणि किती रक्कम राइट ऑफ केली, हे पाहा. बँकेने जुनी खाती एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकलेली कर्जं विकत घेणारी कंपनी) विकून टाकलेली असतात, आणि फोन करणारा अजून बँकेचंच नाव सांगत असतो. राइट ऑफ म्हणजे माफ असं समजू नका. तो बँकेच्या वहीखात्याचा प्रकार आहे.

रिपोर्ट आला की ज्यांच्याकडे खातं दिसेल त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला हे पत्र पाठवा. मराठीत चालेल. मजकूर मीच देते, शब्द बदलू नका :

'माझ्या नावावर असल्याचे सांगितल्या जाणाऱ्या कार्ड खात्याबाबत मला वसुलीचे फोन येत आहेत. हे खाते सध्या कोणाकडे आहे, ते विकले असल्यास हस्तांतराचे पत्र, मूळ करार, २०२० पासूनचा महिनावार उतारा आणि वसुली संस्थेला दिलेले अधिकारपत्र, हे सर्व मला लेखी पाठवावे. माझ्या नातेवाइकांना व शेजाऱ्यांना केले जाणारे फोन ताबडतोब थांबवावेत. यापुढे माझ्याशी लेखीच संपर्क साधावा. या पत्रातील कोणताही मजकूर देण्याची कबुली किंवा फेडीचे वचन समजू नये.'

खाली वहीतल्या नोंदी आणि फोटो जोडा. एक प्रत ईमेलने, एक स्पीड पोस्टने. पोस्टाची पावती पिशवीत घालून ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत ती शाई दोन महिन्यांत उडते, म्हणून तिचा फोटोही काढा. तक्रार निकालात निघेपर्यंत असं खातं वसुली एजंटकडे देऊ नये, हाही रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करा, बँकेविरुद्ध असेल तर तिच्या लोकपालाकडे. ती ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही. अडलं तर १४४४८ वर विचारा.

कोर्टाचा किंवा लवादाचा खरा कागद आला, तर आत्तापर्यंत सांगितलेलं 'फोन ठेवा' तिथे लागू नाही. कोर्टाचं समन्स बेलिफ आणतो किंवा पोस्टाने येतं, त्यावर दाव्याचा नंबर असतो आणि तो ई-कोर्टच्या अॅपवर सापडतो. सापडला तर जावंच लागेल. लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस असतात. मुदत संपली म्हणून दावा आपोआप पडेल असं धरून घरी बसलात तर एकतर्फी निकाल लागू शकतो. लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, ते तडजोडीचं बोलावणं असतं. जाऊन ऐका, परंतु तिथे केलेली सही म्हणजे हुकूमनामाच, त्यावर अपील नाही. घाईत 'बरं बरं' म्हणून सही करू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर देवगडला तालुका विधी सेवा समिती आणि ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर वकील मोफत मिळतो. १५१०० वर फोन करून विचारता येईल.

तुम्ही लिहिलंत, पैसे मी वापरले, हे खोटं नाही. पत्रातलं हे वाक्य मी दोनदा वाचलं. इतक्या त्रासातही तुम्ही हे लिहिलंत, म्हणून मुदत संपलीय, विसरून जा, एवढंच सांगून मी थांबणार नाही. ती सवलत कायद्याने दिलेली आहे, तुम्ही तिचा आधार घेतलात तर तुम्ही लबाड ठरत नाही. आणि फेडावंसं वाटलं तर तेही करा, पण तुमच्या वेळेने. आज संध्याकाळी नाही. मे महिन्यात आंब्याचा हिशोब हातात आला की, एकरकमी देता येईल एवढी रक्कम आधी बाजूला काढा, आणि मगच बोलणी सुरू करा. सुरुवात मूळ ४८ हजारांच्या खालून करा. मान्य झालेली रक्कम, तारीख आणि 'यानंतर काहीही देय नाही' हे शब्द लेटरहेडवर हवेत, पैसे देण्याआधी. पैसे फक्त खातं ज्यांच्याकडे आहे त्यांच्या अधिकृत खात्यात. कोणाच्याही मोबाइल नंबरवर किंवा त्याने पाठवलेल्या क्यूआरवर एक रुपयाही नाही. माझ्या शाखेत एक गृहस्थ आले होते, तीन वेळा मिळून २२ हजार वसुलीवाल्याच्या नंबरवर टाकलेले. खात्यात त्यातलं काहीच जमा नव्हतं. त्यांनी मला मोबाइलवरचे तीन हिरवे टिकमार्क दाखवले, आणि माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं.

फेडल्यावर ना-देय दाखला घ्या आणि रिपोर्ट पुन्हा काढा. कमी रकमेत मिटवलंत तर तिथे 'सेटल्ड' दिसेल, पूर्ण भरलंत तर 'क्लोज्ड'. 'सेटल्ड' शेरा पुढची काही वर्षं कर्ज मागताना आडवा येतो, हे माहीत असू द्या. उद्या बागेसाठी किंवा घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देण्यासाठी कर्ज घ्यायचं मनात असेल, तर मिटवण्याआधी त्या बँकेत जाऊन विचारून घ्या. नोंद चुकीची राहिली तर तक्रार करा. तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे.

झोपेचं मी सोडलेलं नाही. फोन कोणी ऐकेल ही धास्ती तुम्हाला जागं ठेवते. त्या लोकांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते तुम्हाला सोडून काकांना फोन करतात. आज रात्री जेवण झाल्यावर आईंना आणि घरातल्या मोठ्यांना समोर बसवा आणि सगळं सांगा, आकड्यांसकट. नंतर पडवीत वाजलेला फोन फक्त एक फोन राहील. एवढं करूनही मन फार खाली जात असेल, निघून जावंसं वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. रात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

राहिले काका. त्यांना तुम्ही स्वतः फोन करा, त्यांच्या फोनची वाट पाहू नका. कायदा, कलमं, नियम त्यांना सांगत बसू नका. एवढंच बोला : 'काकानू, माझ्या मुंबयच्या कार्डाचे पैसे थकलेत. तुमी खंय सही केलेली नाय, तुमका कोण कायएक करूक शकत नाय, नि जमनीकय कायएक होवचा नाय. परत फोन इलो तर तेकाच इचारा म्हणान सांगा नि ठेवा. आणि त्या दिवशी आरतीत तुमका त्रास झालो, तेचा माका वायट वाटला.'